पन्नासच्या आसपास

परवा आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सरांकडे गेले होते, फराळाचा डबा घेऊन. दिवाळी होऊन बरेच दिवस झालेले, पण चकल्या टिकतात आणि सरांना जरा मऊ पडलेली चकलीच बरी पडते, दातांमुळे. चहा झाला, काकू आत भाजी निवडायला गेल्या आणि तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या फ्लॅटमधले काका, बनियन-बर्म्युडावर, कपाळाला घाम. त्यांच्याकडची सगळी लाईट गेली होती, बटण वर केलं की खटकन खाली पडत होतं आणि इलेक्ट्रिशियन संध्याकाळशिवाय येणार नव्हता. "सर, तुम्ही इलेक्ट्रिकलचे ना, दोन मिनिटं बघून घेता का?" सर उठले, चष्मा बदलला, चपला घालून त्यांच्या दारात गेले, मीही मागोमाग. दोन्ही हात पाठीशी बांधून बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाले, "एमसीबी नाही पडत, आरसीसीबी पडतोय. म्हणजे करंट जास्त झालेला नाही, कुठेतरी लिक होतोय. गीझरची पिन काढा, मग वर करा." पिन काढली, बटण वर केलं, राहिलं. पंखा फिरायला लागला, आतून टीव्हीचा आवाज आला. काका एकदम खूश. "मग आता तो गीझर जरा उघडून बघा ना सर, स्क्रूड्रायव्हर आहे माझ्याकडे." सर म्हणाले, "नाही. ते वायरमनचं काम. माझ्याकडे परवाना नाही." आणि परत येऊन गार झालेला चहा प्यायले.

निघताना तेच काका लिफ्टमध्ये भेटले. "एवढे प्रोफेसर, डॉक्टरेट वगैरे, आणि साधा गीझर उघडता येत नाही बघा," असं हसत हसत म्हणाले, वाईट हेतू काही नव्हता. मीही हसले. पण सिंहगड रोडच्या प्रत्येक सिग्नलला ते वाक्य डोक्यात किरकिरत राहिलं. लाईट तर आली होती ना. हात न लावता, लांब उभं राहून, दोन वाक्यांत. पण एकही स्क्रू फिरला नाही म्हणजे काम झालंच नाही असा काकांचा हिशोब. तसा हा अनुभव इलेक्ट्रिकलवाल्या प्रत्येकाला आहे. ॲडमिशन झाल्या झाल्या माझ्या मावशीने बंद पडलेला मिक्सर पुढ्यात आणून ठेवला होता, अजून पहिल्या सेमिस्टरची पुस्तकंसुद्धा घेतली नव्हती. पण सरांच्या बाबतीत ते लागलं. घरी येऊन मी त्यांना फोनच केला. मला वाटलं होतं की यामागे काहीतरी असेल, तरुणपणी समोर बघितलेला एखादा अपघात, कोणीतरी गेलेला माणूस, काहीतरी ज्याच्यामुळे त्यांनी शपथबिपथ घेतली असेल. विचारलं तसं. सर म्हणाले, "छे गं, तसलं काही नाही. परवाना नाही म्हणून हात लावत नाही. पीएचडी म्हणजे काय वायरमनचा परवाना आहे का?"

झालं. माझी गोष्ट तिथेच संपली.

सर मूळचे कराडचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते शाळेत होते, शेवटच्या वर्षाला. त्या पहाटेबद्दल कराड-पाटणकडच्या त्या पिढीतल्या माणसाला काही विचारायची सोय नाही, अर्धा तास जातो. फडताळातली भांडी, गोठ्यातली जनावरं, मग कडाक्याच्या थंडीत किती रात्री सगळे अंगणात झोपले ते. सरही हे सगळं सांगतात, पण ते एक गोष्ट जास्तीची सांगतात. नंतर त्यांनी पेपरात वाचलं की पोफळीचं वीजकेंद्र बंद पडलं आणि मुंबईचे कारखाने थांबले. हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. हादरलं आपल्याकडे, भिंती पडल्या कोयनानगरला, आणि मुंबईतला माणूस कामावरून घरी का जातो? कोणाला विचारावं तर गावात सांगणारं कोणी नव्हतं. एका मास्तरांनी सांगितलं की तारा जोडलेल्या असतात, पण तारा जोडलेल्या असतात हे पोरालाही माहीत होतं, त्याला जोडलेलं असणं म्हणजे नक्की काय ते हवं होतं. पुढे पुण्याला सीओईपीला, म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजला, इलेक्ट्रिकल घेतलं ते यासाठी, असं ते म्हणतात. माझा थोडा थोडा विश्वास आहे. मार्कांनुसार मेकॅनिकल हुकलं असेल आणि इलेक्ट्रिकल मिळालं असेल, हीसुद्धा शक्यता मी धरून चालते, कारण त्या वेळी बहुतेकांचं तसंच व्हायचं, आणि सर आठवणींच्या बाबतीत मोजमापाइतके काटेकोर नाहीत.

पास झाल्यावर वीज खात्यात ज्युनिअर इंजिनीअर लागले. क्वार्टर, जीप, हाताखाली लाइनमन, आणि गावात मान असा की किराणा दुकानदार उठून उभा राहायचा. तीनेक वर्षांत ते सोडून कॉलेजात लेक्चरर झाले. घरी कोणी बरेच महिने नीट बोललं नाही. सासऱ्यांनी तर लग्न ठरवलं होतं जेईशी आणि मुलगी गेली मास्तरच्या घरात, हे काकू अजून चिडवतात. का सोडलं याचं उत्तर सर दरवेळी वेगळं देतात. एकदा म्हणाले बदल्यांचा कंटाळा. एकदा म्हणाले रात्री-अपरात्री फीडर (गावांना वीज नेणारी लाईन) ट्रिप झाला की फोन. आणि एकदाच, फार मागे, म्हणाले की सबस्टेशनमध्ये मीटरवर फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा, आपल्याकडे पन्नास हवा तो, दिसायची आणि ती का हलतेय हे समजून घ्यायला कोणाला वेळच नव्हता, प्रत्येकाला फक्त लाईट चालू करायची घाई.

आता खरं सांगायचं तर सर वर्गात अजिबात चांगले शिकवायचे नाहीत. हे लिहिताना जीभ चावतेय, पण कॉलेजच्या ग्रुपवर कोणालाही विचारा. पिवळ्या पडलेल्या नोट्स, फळ्याकडे तोंड, आवाज तिसऱ्या बेंचनंतर विरायचा. फेजर डायग्राम मात्र असा काढायचे की पट्टीने काढल्यासारखा, आणि तो पुसताना मिनिटभर थांबायचे. दुपारच्या लेक्चरला मागचे दोन बेंच उघड उघड झोपायचे आणि सर त्यांची झोपमोड होऊ देत नसत. टर्मवर्कला सगळ्यांना जवळजवळ सारखेच मार्क. ज्यांनी जर्नल मनापासून लिहिली त्यांना याचा राग यायचा, मला तर फारच, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. पुस्तक लिहिलं नाही, पेटंट नाही, कुठल्या कमिटीवर नाही. हेड ऑफ डिपार्टमेंट झाले तेही सिनिऑरिटीने.

पण मशीन लॅबमध्ये माणूस बदलायचा.

आमची मशीन लॅब म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबलचक शेड, आणि आत शिरलं की आधी वास यायचा. तापलेल्या व्हार्निशचा, कार्बन ब्रशचा, आणि लॅबच्या मामांच्या तंबाखूचा. भिंतीवर शॉक लागलेल्या माणसाला काय करायचं त्याचा तक्ता, वाळूच्या लाल बादल्या, खाली काळ्या रबरी मॅट, आणि ओळीने हिरव्या रंगाच्या मोटरी, बऱ्याचशा किर्लोस्करच्या, आमच्यापेक्षा वयाने मोठ्या. सरांच्या टेबलाच्या वरच्या खणात रबर बँड आणि सेफ्टी पिना असायच्या. साठ जणांच्या वर्गात आम्ही चार मुली, आणि फिरत्या शाफ्टजवळ ओढणी किंवा सुटी वेणी चालणार नाही, त्यामुळे आत आलं की आधी खण उघडायचा. बाकीच्या लॅबमध्ये मुलींना रीडिंग लिहायला बसवायचे, मुलं जोडणी करायची. इथे सरांनी ते पहिल्याच दिवशी बंद केलं, तेही भाषण न करता. फक्त म्हणाले, "ओरलला एकेकटीला जोडायला लावणार आहे." अंगठ्या, घड्याळं काढायची. सप्लाय चालू असताना काही तपासायचं तर एक हात खिशात. आमच्या पंजाबी ड्रेसना खिसे नाहीत हे सांगितल्यावर ते खरंच विचारात पडले आणि मग म्हणाले, "बरं, पाठीशी धरा." ती सवय मला अजून आहे, टोस्टर लावतानासुद्धा डावा हात आपोआप मागे जातो, नवरा हसतो. परवा सर त्या बोर्डासमोर दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहिले तेव्हा मला हसू आलं ते त्यामुळे.

जोडणी झाली की सर येऊन प्रत्येक वायरवरून बोट फिरवत जायचे, सप्लायपासून निघून मीटर, रिओस्टॅट, आर्मेचर करत परत सप्लायपर्यंत. घाई नाही. मग जोडणाऱ्याने मोठ्याने "सप्लाय ऑन" म्हणायचं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी "ऑन" म्हटल्याशिवाय स्विच टाकायचा नाही. आम्हाला तो पोरखेळ वाटायचा. एकदा आमच्या शेजारच्या टेबलावर डीसी शंट मोटर नो-लोडवर चालू होती आणि फील्डच्या, म्हणजे आतलं चुंबक तयार करणाऱ्या, सर्किटमधली एक लग (वायरीचं टोक) ढिली होऊन सुटली. सर शेडच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरे, कोणाची तरी जर्नल तपासत होते. मोटरचा आवाज चढायला लागला. पहिल्या सेकंदाला छानच वाटतं, जोरात चाललीय म्हणून, मग तो आवाज बारीक आणि टोकदार होत जातो आणि बेस थरथरायला लागतो आणि मॅटखालची फरशी पायाला जाणवायला लागते. आम्ही सगळे बघत उभे. सर वळलेसुद्धा आवाजावरूनच, आणि त्या वयात कसे धावले माहीत नाही, मेन नाइफ स्विच ओढला. मोटर थांबायला बराच वेळ लागला, तोवर शेडमध्ये कोणी बोलत नव्हतं. सर ओरडतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. ते स्टुलावर बसले, श्वास घेतला, आणि त्या ग्रुपला विचारलं, "फील्ड गेलं तर ती थांबायला पाहिजे, पळाली का?" कोणालाच सांगता येईना. मग त्यांनी खडूने जमिनीवरच समीकरण लिहिलं. फ्लक्स, म्हणजे चुंबकाचा जोर, कमी झाला, बॅक ईएमएफ, म्हणजे फिरताना मोटर स्वतःच तयार करते ते उलटं व्होल्टेज, कमी पडला, तो भरून काढायचा तर मोटरकडे एकच मार्ग, वेग वाढवणं. ती बिचारी सप्लायशी हिशोब जुळवायला धावतेय, आणि फ्लक्सच नाही म्हटल्यावर हिशोब कधी जुळत नाही, तुटेपर्यंत धावते. आणि मग त्याच चार पोरांना त्यांनी तीच जोडणी परत करायला लावली, त्याच दुपारी, तीच मोटर. एकाचे हात अक्षरशः कापत होते. मला तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता. आज मला वाटतं की ते बरोबर होते, पण इतकंही बरोबर नव्हते, त्या मुलाला एक दिवस दिला असता तर काय बिघडलं असतं.

पण सरांचं खरं प्रॅक्टिकल म्हणजे सिंक्रोनायझेशन. वर्षातून एकदाच यायचं आणि त्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, हे आमच्या सिनिअर्सनी आधीच सांगून ठेवलेलं. आपला लॅबमधला लहानसा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं मशीन, बाहेरच्या लाईनशी जोडायचा. व्होल्टेज सारखं हवं, फेजचा क्रम सारखा हवा, फ्रिक्वेन्सी सारखी हवी, आणि हे सगळं जमलंय की नाही ते बघायला मध्ये तीन दिवे. पडदे ओढून शेड अंधारी करायची. सुरुवातीला दिवे भराभर लुकलुकतात. मग तुम्ही मशीनचा वेग अगदी चिमूटभर कमी-जास्त करत जाता आणि लुकलुकणं मंद होत जातं, तिन्ही दिवे एकत्र उजळतात, एकत्र विझतात, मोठा श्वास घेतल्यासारखे. तिन्ही पूर्ण विझलेले असताना, त्या अंधाराच्या बरोब्बर मध्यावर स्विच टाकायचा. लवकर टाकलात तर मशीन दणका देतं, उशिरा टाकलात तरी दणका. दिवे एकामागून एक गोल फिरल्यासारखे पेटायला लागले तर फेजचा क्रमच चुकलाय, सगळं बंद करून दोन वायरी बदला. माझी पाळी आली तेव्हा सर मागे उभे होते, काहीही बोलत नव्हते, फक्त त्यांच्या नाकाने श्वास घ्यायचा आवाज येत होता. टाकला स्विच. काही झालं नाही. आवाज नाही, दणका नाही. "झालं," सर म्हणाले, "आता तुझं हे मशीन कोयनेच्या मशीनबरोबर फिरतंय. चंद्रपूरच्याही. आता याला वेगळं काही करता येणार नाही. ते पन्नासला तर हे पन्नासला, ते एकोणपन्नासला आले तर हेही एकोणपन्नासला." कराडच्या त्या पोराला हवं असलेलं उत्तर हेच असणार. त्या दिवशी मात्र मला एवढंच कळलं की सरांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

थर्ड इयरला कोयनेची ट्रिप. कुंभार्ली घाटात निम्मी बस आडवी, पोफळीला पोचेपर्यंत कोणाला इंजिनीअरिंगमध्ये रस उरलेला नाही. पण डोंगराच्या पोटात त्या बोगद्यातून आत गेलं की बोलणं आपोआप थांबतं. दमट गारवा, पिवळे दिवे, आणि बुटाच्या तळव्यातून वर चढत येणारी घरघर, जी काही वेळाने ऐकू येईनाशी होते आणि नुसती अंगात राहते. तिथल्या इंजिनीअरने भरपूर आकडे सांगितले, आम्ही लिहून घेतले, रिपोर्टला लागतात. सर एका बाजूला उभे राहून पॅनेलवरच्या एकाच मीटरकडे बघत होते. तेव्हा काटा पन्नासवर क्वचितच असायचा. विजेचा तुटवडा, प्रत्येक राज्य वाट्यापेक्षा जास्त ओढतंय आणि फ्रिक्वेन्सी एकोणपन्नासच्याही खाली उतरतेय, हे तेव्हाचं रोजचंच. आपल्या पश्चिम विभागात २००२ साली जास्त ओढणाऱ्याला फ्रिक्वेन्सीच्या हिशोबाने पैसे मोजायला लावायची पद्धत आली तेव्हा ते सुधारायला लागलं. सर म्हणायचे, "जे भौतिकशास्त्राला जमलं नाही ते बिलाने केलं."

सरांची पीएचडी हा आमच्यात चेष्टेचा विषय होता, कारण ती फार उशिरा झाली. आधी क्यूआयपीतून (कॉलेजच्या शिक्षकांना पुढे शिकायला पाठवायची योजना) पवईला आयआयटीत एमटेक, दोन लहान मुलं आणि काकू इकडे, सर तिकडे हॉस्टेलवर पोरांमध्ये. मग परत येऊन रेंगाळत रेंगाळत डॉक्टरेट. विषय काय, तर खेड्यातल्या शेतीपंपांच्या फीडरवर व्होल्टेज सावरणारे कपॅसिटर कुठे लावावेत. म्हणजे ग्लॅमर शून्य. त्यासाठी ते शनिवारी-रविवारी स्कूटरवरून गावोगाव हिंडायचे, डीपीवर (तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर) कोणी काय जोडलंय ते बघत. कपॅसिटर बहुतेक ठिकाणी जळालेले नाहीतर काढून ठेवलेले. त्याहून मोठं दुखणं त्यांना सापडलं ते ऑटो स्विचचं. लाईट कधी येईल याचा नेम नाही, रात्री दोनला उठून शेतात कोण जाणार, म्हणून प्रत्येकाच्या मोटरीला ऑटो. लाईट आली रे आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एका क्षणी उठतात, सुरू होताना प्रत्येकजण नेहमीच्या कैक पट करंट ओढतो, व्होल्टेज बसतं, आणि डीपी जळतो. मग पंधरा दिवस सगळ्यांचीच पिकं वाळतात. सरांनी एका ग्रामसभेत हे सगळं आकृतीसकट समजावून सांगितलं. पार शेवटी एक म्हातारा शेतकरी उठून म्हणाला, "सर, समजलं सगळं. पण मी ऑटो काढला आन् शेजाऱ्यानं नाय काढला, तर माझ्या उसाला पाणी तुम्ही देणार का?" सरांनी ही गोष्ट आम्हाला वर्गात सांगितली होती, आणि नेहमीच्या त्या विरत जाणाऱ्या आवाजात म्हणाले होते, "याला इलेक्ट्रिकलमध्ये उत्तर नाही." त्या दिवशी मागचे दोन बेंचही जागे होते. त्यांचा प्रबंध कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही, तो ग्रामसभेतला प्रश्न काही त्यात नसणार.

आमच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल, काही फरक नव्हता, त्यांना माणसं हवी होती. ॲप्टिट्यूड टेस्टला जागा पुरेना म्हणून आमच्या मशीन लॅबमध्येही बेंच टाकले. मोटरींच्या मधल्या मोकळ्या जागेत बसून आम्ही आगगाडी आणि बोगद्याची गणितं सोडवली, मामा पाणी वाटत होते. वर्गातले निम्म्याहून जास्त तिकडे गेलो. मी सरांकडे फॉर्मवर सही घ्यायला गेले तेव्हा मनात कुठेतरी होतं की ते काहीतरी म्हणतील. चार मुलींत सिंक एका झटक्यात जमलेली मी एकटीच, तर म्हणतील की अगं थांब जरा, वीज खात्याची परीक्षा दे, एमटेक कर. त्यांनी सही केली, शिक्का मारला, पगार किती विचारला आणि म्हणाले, "चांगला आहे. पीएफ कापतात ना ते बघून घे." मला फार वर्षं वाटत राहिलं की त्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं. नंतर कळलं की त्याच सुमाराला एका मुलाला त्यांनी बारा वेळा फोन करून लाईनच्या नोकरीत राहायला लावलं होतं, कारण त्याला ते मनापासून हवं होतं आणि घरचे नको म्हणत होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. बहुधा जे होतं तेच.

शेवटची वर्षं फायलींत गेली. ॲक्रेडिटेशनची कमिटी येणार म्हणून भिंतींना रंग, प्रत्येक प्रॅक्टिकलची उद्दिष्टं छापून लॅमिनेट, आणि सर रात्री आठपर्यंत हजेरीचे तक्ते जुळवत. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, आणि हजारो इंजिनीअर घडवले वगैरे भाषणं. सर उत्तराला उभे राहिले आणि दोनच मिनिटं बोलले, त्यातलं एक मिनिट तीन नंबरच्या अल्टरनेटरच्या बेअरिंगला ग्रीस द्यायचं राहिलंय याबद्दल होतं. लोक हसले. त्यांनी विनोद केला नव्हता.

आणि मग गंमत अशी झाली की रिटायर झाल्यावर सरांची करिअर सुरू झाल्यासारखी वाटायला लागली, निदान आम्हाला. २०१२ च्या जुलैमध्ये लागोपाठ दोन दिवस उत्तरेचं ग्रिड, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या केंद्रांचं आणि तारांचं जाळं, कोसळलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही, साठ कोटींवर लोक अंधारात. आपल्याकडे लाईट होती म्हणून इकडे कोणाला फारसं काही वाटलं नाही, पण सर कितीतरी दिवस, जिच्यापासून ते सुरू झालं त्या बीना-ग्वाल्हेर लाईनवर बोलत होते, चौकशीचा अहवाल प्रिंट काढून पेन्सिलने खुणा केलेला. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री मी एका पार्टीत, आजूबाजूला डीजे, आणि सरांचा फोन. मला वाटलं हॅपी न्यू इयर. ओरडून म्हणाले, "सिंक झालं! रायचूर-सोलापूर!" मी बाहेर जिन्यात येऊन नीट ऐकलं. तोपर्यंत दक्षिणेचं ग्रिड वेगळ्या तालावर फिरत होतं, चंद्रपूरकडच्या भद्रावतीसारख्या ठिकाणी एसीचं डीसी करून परत एसी करून वीज पलीकडे ढकलावी लागायची. त्या दिवशी ७६५ केव्हीच्या त्या लाईनने ते उरलेल्या देशाला थेट जोडलं गेलं, म्हणजे आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचं प्रत्येक मशीन एका फ्रिक्वेन्सीवर. "आणि आपल्या सोलापुरातून गं," सर म्हणाले. मला डोळ्यांसमोर आमची ती अंधारी शेड आणि तीन दिवे दिसले. आत जाऊन कोणाला सांगावं असं वाटलं, पण कोणाला सांगणार, केक कापत होते.

५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते तेव्हा सरांनी पावणेनऊला फोन करून आधी बजावलं, फक्त दिवे, फ्रिज-पंखे चालू ठेव. मग आम्ही दोघं आपापल्या घरी लॅपटॉपवर ग्रिडची फ्रिक्वेन्सी बघत फोनवर. अंदाज बारा-तेरा हजार मेगावॅट मागणी कमी होईल असा होता, प्रत्यक्षात ती बत्तीस हजारांच्या आसपास उतरली. खाली सोसायटीत लोक थाळ्या वाजवत होते, कोणीतरी फटाकेसुद्धा लावले. आकडा वर सरकला, ५०.२ च्याही पुढे गेला, सर एकदम गप्प. मग दिवे लागायला लागले आणि आकडा उतरायला लागला, आणि सावरला. तेवढ्या वेळात देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी आधी पाणी आवळलं आणि मग सोडलं होतं. "काय चालवलंय पोरांनी," सर म्हणाले. पोरांनी म्हणजे कंट्रोल रूममधल्या इंजिनीअरांनी. त्यांत आमच्या कॉलेजचं कोणी होतं की नाही मला माहीत नाही, सरांनीही तो विषय काढला नाही. मी असते तर नक्की काढला असता.

आता सर चौऱ्याहत्तरचे आहेत आणि सोलरवर घसरलेत. विरोध नाही, त्यांच्या गच्चीवरही पॅनेल आहेत (परवानाधारक माणसाकडून बसवलेले, अर्थिंगचं रीडिंग समोर उभं राहून घेतलेलं). त्यांची तक्रार वेगळी. "यात फिरणारं काही नाही गं." म्हणजे एवढाली टर्बाइन फिरत असतात तेव्हा काही बिघडलं तर त्यांच्या वजनामुळे, म्हणजे इनर्शियामुळे, वेग एकदम पडत नाही, सावरायला काही सेकंद मिळतात. पॅनेलला वजन नाही, जे करायचं ते इन्व्हर्टरच्या प्रोग्रॅमने. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे २८ एप्रिल २०२५ ला, स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा मी हुशारी करून म्हटलं, बघा सर, तुमचं इनर्शिया. तर मलाच झापलं. "वाचलंस का काही? तिथे व्होल्टेज वाढत गेलं आणि एकेक केंद्र सुटत गेलं. आधी वाच, मग बोल."

तर फोनवर गीझरचा विषय संपल्यावर त्यांनी त्यांचं काम काढलं. त्यांना फ्रिक्वेन्सीचा आलेख हवाय, रोजचा, आपोआप साठवणारा. "तू सॉफ्टवेअरवाली ना, दोन मिनिटं बघून घे," असं म्हणाले आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच हसले. मी रविवारी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, पाठवला. अर्ध्या तासात व्हॉइस मेसेज. उभा अक्ष शून्यापासून का सुरू केलास, पन्नासच्या आसपासचंच बघायचंय, ४९.५ ते ५०.५ ठेव. ४९.९० आणि ५०.०५ ला आडव्या रेघा मार, तेवढ्यातच राहायचा नियम आहे. मी बदललं. मग दुसरा मेसेज, बघ, तासाच्या टोकाला उडी मारतेय, एक शेड्यूल संपून दुसरं सुरू होतं ना, केंद्रं एकदम वर-खाली करतात आणि लोक तर सावकाश वागतात. मीही बघितलं, खरंच मारतेय, बरोब्बर तासाला. हे मला कॉलेजात कोणी दाखवलं नव्हतं, कारण तेव्हा दाखवायला असं काही नव्हतंच. काल तिसरा मेसेज आला, की पाच मिनिटांचा डेटा फार जाड आहे, त्यांना दर सेकंदाचा हवाय, आणि तुझ्या सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी तपास. घड्याळ तपासलं, चार सेकंद मागे होतं.